व्हिक्टोरिया स्पंज मधोमध वारंवार बसत असेल तर

ओव्हनच्या काचेतून पाहताना केक छान फुगलेला दिसतो, टिन बाहेर काढून ओट्यावर ठेवल्यानंतर पाच-सात मिनिटांत त्याच्या मधोमध खड्डा पडतो, आणि पुढच्या वेळी अर्धा चमचा बेकिंग पावडर जास्त घातली तरी तो खड्डा कमी होण्याऐवजी अधिक खोल होतो. इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी घरांतून ही तक्रार ऐकू येते, आणि इथली पाककृती मागवून घेऊन पुण्या-ठाण्यात केक करून पाहणारे नातेवाईकही नेमके हेच सांगतात. मधला खड्डा हे तीन-चार निरनिराळ्या कारणांचे समान लक्षण आहे. त्यामुळे केक केव्हा बसला आणि कापल्यावर तो आतून कसा दिसला, हे पाहिल्याशिवाय कोणताही उपाय करू नये; बेकिंग पावडर वाढवण्याचा उपाय तर करूच नये.

दुपारच्या चहाबरोबर दिला जाणारा हा केक घटकांच्या दृष्टीने अगदी साधा आहे. अंडी, लोणी, साखर आणि मैदा समान वजनाने घ्यायचे, दोन उथळ गोल टिनांत दोन चकत्या भाजायच्या, त्यांच्यामध्ये रासबेरीचा जॅम भरायचा आणि वरून थोडी बारीक साखर भुरभुरायची, एवढेच त्याचे स्वरूप आहे. चार अंड्यांच्या केकला २० सेंटिमीटर व्यासाचे दोन टिन लागतात आणि प्रत्येक घटक सुमारे २२५ ग्रॅम असतो. तीन अंड्यांचा केक असेल तर १८ सेंटिमीटरचे टिन आणि १७५ ग्रॅमचे माप घेतात. दुधाची साय, कस्टर्ड किंवा दाट आयसिंग यांचे आवरण नसल्यामुळे या केकमधील कोणताही दोष झाकता येत नाही, आणि म्हणूनच इथल्या गावोगावच्या उन्हाळी प्रदर्शनांत विमेन्स इन्स्टिट्यूट या महिला मंडळांच्या परीक्षक बायका स्वयंपाकातील हात पारखण्यासाठी अजूनही हाच केक मागतात.

केक केव्हा बसला?

पहिला प्रश्न वेळेचा आहे. केक ओव्हनमध्ये असतानाच फुगून पुन्हा खाली गेला असेल, तर केकचा सांगाडा घट्ट होण्यापूर्वीच आतील वायू निघून गेला, असे समजावे. फुगवणारा पदार्थ जास्त झाला असेल, ओव्हन थंड असेल किंवा दार लवकर उघडले गेले असेल, तर असे होते. केक ओव्हनमध्ये शेवटपर्यंत व्यवस्थित राहून बाहेर काढल्यावर काही मिनिटांत बसला असेल, तर त्याचा मधला भाग कच्चा राहिला आहे, हे जवळजवळ निश्चित धरावे. केक मुळातच फुगला नसेल, सपाट आणि जड झाला असेल, तर ती तक्रार वेगळी आहे आणि तिचे मूळ बहुतेक वेळा फेटण्यात सापडते. थंड होताना केक अगदी किंचित आकसतो, कडा टिनपासून सुटतात आणि वरचा हलका फुगवटा सपाट होतो, हे मात्र स्वाभाविक असून त्याला दोष मानण्याचे कारण नाही.

यानंतर केक थंड होऊ द्यावा आणि खड्ड्याच्या बरोबर मधून सुरी घालून तो कापावा, मग तो पाहुण्यांसमोर ठेवण्याच्या लायकीचा असो वा नसो. खड्ड्याच्या खालीच ओलसर, चकचकीत, किंचित पारदर्शक पट्टा दिसत असेल आणि बोटाला तो चिकट लागत असेल, तर केक कच्चा आहे. पोत भरड असून वरच्या अर्ध्या भागात मोठी, वेडीवाकडी छिद्रे दिसत असतील आणि चव किंचित खारट किंवा साबणासारखी लागत असेल, तर बेकिंग पावडर अथवा सोडा जास्त झाला आहे. तळाशी एकसारखा, दाट, रबरी थर बसला असेल आणि वरचा भाग बरा असेल, तर मिश्रण फाटले होते किंवा लोणी वितळले होते. या तीन चित्रांपैकी आपले चित्र कोणते, हे ठरल्यावर पुढचे सारे सोपे होते.

ओव्हनचे तापमान: सर्वांत संभाव्य कारण

केक भाजला जातो तो कडेकडून आत. टिनचा धातू आधी तापतो, त्याला लागलेले मिश्रण आधी घट्ट होते आणि मध्यबिंदू सर्वांत शेवटी शिजतो. अंड्यांतील प्रथिने गोठून आणि मैद्यातील स्टार्च फुगून केकला आधार मिळतो. परंतु भरपूर साखर असलेल्या मिश्रणात हे दोन्ही बदल उशिरा, बऱ्याच वरच्या तापमानाला घडतात. तोपर्यंत मधला भाग केवळ गरम वायू आणि वाफ यांच्या जोरावर उभा असतो, आणि त्या अवस्थेत ओव्हनचे दार उघडले किंवा टिन बाहेर काढला, तर वायू आकुंचन पावून मधला भाग खाली जाणार, हे उघड आहे.

या केकसाठी साध्या ओव्हनचे तापमान १८० अंश सेल्सिअस, पंख्याच्या ओव्हनचे १६० अंश आणि गॅसच्या ओव्हनचे ४ क्रमांकाचे असते, तर वेळ २० ते २५ मिनिटांची. अडचण अशी की अनेक घरगुती ओव्हनच्या गोल बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत १०-२० अंशांचा फरक सहज असतो, आणि भाड्याच्या घरात मिळालेल्या जुन्या ओव्हनबद्दल तर काहीच खात्री देता येत नाही. जाळीवर टांगून ठेवण्याचा ओव्हन थर्मामीटर इथे स्वस्तात मिळतो. वारंवार केक बसणाऱ्या घरात नवा बीटर घेण्यापूर्वी हा थर्मामीटर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

ओव्हन थंड असेल तर मिश्रण हळूहळू फुगत राहते, बुडबुडे मोठे होऊन एकमेकांत मिसळतात आणि सांगाडा घट्ट होण्याआधी फुटतात, हे सहज पटते. ओव्हन जास्त गरम असेल तरीही शेवटी खड्डाच पडू शकतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जास्त आचेवर वरची साल लवकर धरते, पंधराव्या मिनिटाला केक सोनेरी तपकिरी दिसू लागतो, आतील कच्चे मिश्रण साल फोडून वर येते आणि मध्यभागी फुगवटा व चीर तयार होते. रंग पाहून केक झाला असे समजून तो बाहेर काढला जातो आणि थंड होताना तोच फुगवटा खचतो. म्हणून केकवर आधी चीर पडली आणि मग खड्डा पडला, असा क्रम असेल तर तापमान १०-१५ अंशांनी कमी करून वेळ वाढवावा.

केक झाला की नाही, हे रंगावरून ठरवू नये. पहिली अठरा मिनिटे दार उघडू नये. त्यानंतर दार उघडून बोटाच्या टोकाने केकच्या अगदी मध्यावर हलके दाबावे: खळगा लगेच भरून आला तर केक झाला, बोटाचा ठसा तसाच राहिला तर नाही. कडा टिनपासून केसभर सुटलेल्या असाव्यात. लाकडी काडी मध्यभागी घालून ती कोरडी येते का, हेही पाहावे. कडेला काडी घालून समाधान मानण्यात अर्थ नाही, कारण कड कधीच कच्ची राहत नसते. कान केकजवळ नेला तर कच्च्या केकमधून बारीक चरचर स्पष्ट ऐकू येते आणि केक होत आला की ती जवळजवळ थांबते. ही खूण इथल्या जुन्या बायका सांगतात आणि ती विश्वासार्ह आहे.

बेकिंग पावडर वाढवल्याने खड्डा का वाढतो?

बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करत नाही. लोणी आणि साखर फेटताना मिश्रणात जे असंख्य सूक्ष्म बुडबुडे अडकतात, त्यांत शिरून पावडरचा वायू त्यांना मोठे करतो. बुडबुडे मुळात कमी असतील आणि वायू जास्त असेल, तर थोडेच बुडबुडे बेसुमार फुगतात, त्यांच्या भिंती पातळ होतात आणि भाजणी पूर्ण होण्यापूर्वी त्या फुटतात. केक आधी उंच जाऊन मग कोसळतो तो यामुळे.

गंमत अशी की बेकिंग पावडरचा जन्म केकसाठी नव्हे, तर यीस्टशिवाय पाव फुगवण्यासाठी झाला. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत, म्हणून त्यांनी १८४३ मध्ये ही पावडर बनवली. पुढे तीच अंड्यांच्या केकमध्ये गेली आणि लोणीयुक्त, तरीही हलका असा हा स्पंज घरोघरी करता येऊ लागला. १८४५ मध्ये ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स यांनी सेल्फ-रेझिंग, म्हणजे आपोआप फुगणाऱ्या पिठाचे पेटंट घेतले, आणि आज ब्रिटिश पाककृतींत हेच पीठ गृहीत धरलेले असते.

इथेच मोठा घोटाळा होतो. ब्रिटनमधील सेल्फ-रेझिंग पिठात फुगवणारा पदार्थ आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे लोणी-साखर नीट फेटून केलेल्या केकला वरून आणखी पावडर लागत नाही. सर्व घटक एकदम एकत्र करून फेटण्याच्या झटपट पद्धतीत हवा कमी अडकते, म्हणून त्या पाककृतींत वेगळी एक-दोन चमचे पावडर सांगितलेली असते. एका पद्धतीचे पीठ, दुसऱ्या पद्धतीची पावडर आणि तिसऱ्याच कुणाचे फेटणे असे एकत्र आले, की पावडरचे प्रमाण सहज दुप्पट होते. भारतात साधा मैदा वापरणार असाल तर २२५ ग्रॅम मैद्याला दोन सपाट चहाचे चमचे पावडर पुरते. चमचा सुरीच्या पात्याने सपाट करावा, शिगोशीग भरू नये, आणि पावडर मैद्याबरोबर दोनदा चाळून घ्यावी. खाण्याचा सोडा हा बेकिंग पावडरचा पर्याय नाही. त्याची ताकद तिप्पट-चौपट असते आणि या केकमध्ये त्याला निष्प्रभ करणारे दही किंवा ताक यांसारखे आंबट काहीही नसते.

डबा जुना असेल तर पावडर जिवंत आहे का, हे तपासणे सोपे आहे: अर्धी वाटी कढत पाण्यात एक चमचा पावडर टाकावी आणि ती लगेच जोरात फसफसली नाही तर डबा टाकून द्यावा. मुंबई-कोकणाच्या पावसाळी हवेत उघडा डबा फार लवकर निकामी होतो.

अंडी मोजू नयेत, तोलावीत

भारतात हीच पाककृती फसण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण अंड्यांच्या आकारात आहे. ब्रिटनमध्ये मोठे अंडे म्हणजे कवचासह ६३ ते ७३ ग्रॅमचे आणि मध्यम अंडे म्हणजे ५३ ते ६३ ग्रॅमचे, अशी ठरलेली प्रतवारी आहे. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानातले अंडे पुष्कळदा ५० ग्रॅमच्या आसपास भरते. कवचाचे वजन साधारण दहावा हिस्सा धरले, तर चार मोठ्या ब्रिटिश अंड्यांतून सुमारे २३० ग्रॅम ऐवज मिळतो आणि चार लहान अंड्यांतून जेमतेम १८० ग्रॅम. बाकीचे घटक मात्र पाककृतीप्रमाणे २२५ ग्रॅमच घेतले जातात. केकला उभे धरणारा घटक पन्नास ग्रॅमने कमी पडतो, तर त्याला जड व मऊ करणारे लोणी आणि साखर तेवढीच राहतात. मग मधला भाग बसला नाही तरच नवल.

यावरचा उपाय या केकच्या जुन्या रीतीतच आहे. अंडी कवचासह तराजूवर ठेवावीत, जे वजन येईल तेवढेच लोणी, तेवढीच साखर आणि तेवढाच मैदा घ्यावा. चार अंडी २०० ग्रॅम भरली तर सर्व काही २०० ग्रॅम. वाटीच्या मापाने हा केक करू नये, कारण वाटीत दाबून भरलेला आणि चाळून भरलेला मैदा यांत बराच फरक पडतो. टिनचे मापही याच हिशेबात धरावे: २० सेंटिमीटरच्या टिनचे मिश्रण १८ सेंटिमीटरच्या टिनात ओतले, तर त्याची खोली जवळजवळ सव्वापट होते आणि मधला भाग शिजायला त्या प्रमाणात उशीर लागतो.

अंड्याविना हा केक होईल का, असे नेहमी विचारले जाते. कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक चांगला होतो, परंतु त्याचे प्रमाण आणि त्याचे दोष वेगळे आहेत. वरील निदान त्याला लावू नये.

लोणी, साखर आणि फाटलेले मिश्रण

पाककृतीत लोणी सामान्य तापमानाचे असावे असे लिहिलेले असते, तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १८ ते २० अंशांचे इंग्रजी स्वयंपाकघर असते. मे महिन्यात नागपूरला किंवा मुंबईला ओट्यावर ठेवलेले लोणी तासाभरात तेलकट होते, आणि तेलकट लोणी हवा धरून ठेवू शकत नाही. उलट डिसेंबरात लीड्समधल्या थंड घरात तेच लोणी दगड झालेले असते आणि साखर त्यावरून नुसती घसरते. बोटाने दाबल्यावर सहज खळगा पडावा, पण पृष्ठभागावर तेलाची चमक नसावी, ही योग्य अवस्था. भारतात लोणी फ्रिजमधून काढून तुकडे करून दहा-पंधरा मिनिटांत वापरायला घ्यावे आणि फेटण्याचे भांडेही आधी थंड करून ठेवावे. इथे ब्रिटनमध्ये काही घरांत लोण्याऐवजी बेकिंगचे मार्गारीन, म्हणजे तेलापासूनचे कृत्रिम लोणी, वापरतात. १९४० ते १९५४ या काळात लोण्याचे रेशनिंग होते, त्या पिढीच्या हाताला ती सवय लागली आणि पुढे टिकली. ते चालते, परंतु पावाला लावायचे कमी चरबीचे स्प्रेड चालत नाही, कारण त्यात पाणी फार असते.

साखरेचा दाणाही तितकाच महत्त्वाचा आहे. कॅस्टर शुगरचा दाणा बारीक पण धारदार असतो आणि फेटताना तोच लोण्यात हवेच्या खाचा पाडतो. आपली नेहमीची साखर जाड असल्याने विरघळत नाही आणि केकवर ठिपके उमटवते, तर पूर्ण दळलेल्या पिठीसाखरेत खाचा पाडण्याची ताकद उरलेली नसते. साखर मिक्सरमध्ये दोन-तीन वेळा क्षणभर फिरवून रव्याइतकी बारीक करावी आणि तिथेच थांबावे. हातमिक्सरने चार-पाच मिनिटे फेटल्यावर लोण्याचा पिवळा रंग फिकट होऊन जवळजवळ पांढरा दिसला पाहिजे आणि बोटांत चोळल्यावर साखरेची कचकच अगदी थोडी जाणवली पाहिजे.

त्यानंतर अंडी घालताना मिश्रण फाटते. फ्रिजमधून काढलेली गार अंडी एकदम ओतली, की लोणी गोठते, पाणी वेगळे होते आणि मिश्रण नासलेल्या दुधासारखे दिसू लागते. एवढा वेळ फेटून अडकवलेली हवा त्यातून निघून जाते. अंडी लोण्याइतक्याच तापमानाची असावीत, वेगळ्या भांड्यात फोडून हलकी फेटलेली असावीत आणि एका वेळी दोन चमच्यांहून अधिक घालू नयेत. फाटण्याची चिन्हे दिसताच मैद्यातला एक चमचा मैदा घालून फेटावे. मिश्रण बहुतेक वेळा सावरते. उरलेला मैदा मात्र बीटरने न फेटता मोठ्या धातूच्या चमच्याने वरखाली करून मिसळावा, नाहीतर मैद्यातील ग्लुटेन हे चिकट प्रथिन तयार होऊन केक चिवट होतो. शेवटी चमचाभर मिश्रण उचलून चमचा भांड्याच्या काठावर हलके आपटला की ते आपोआप गळून पडावे. चिकटून राहिले तर एक-दोन चमचे दूध घालावे.

लहान ओटीजीची खास अडचण

छोट्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनमध्ये, २० सेंटिमीटरचे दोन टिन एका जाळीवर मावत नाहीत. मग एक टिन भाजेपर्यंत दुसरा ओट्यावर थांबतो, किंवा दोन जाळ्यांवर दोन टिन ठेवल्याने वरचा करपतो आणि खालचा कच्चा राहतो. ओल्या मिश्रणात बेकिंग पावडरचे काम लगेच सुरू होत असल्याने थांबलेल्या टिनातील काही वायू वाया जातो आणि दुसरी चकती पहिलीपेक्षा हमखास बुटकी होते. दोन-दोन अंड्यांचे मिश्रण दोनदा करणे, हाच यावर खरा उपाय आहे. काम वाढते, पण दोन्ही चकत्या सारख्या होतात. शिवाय तापण्याचा दिवा विझला म्हणजे ओटीजी तापला, असे मानू नये. हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी तापलेल्या नसतात, म्हणून त्यानंतर आणखी दहा मिनिटे थांबूनच टिन आत सरकवावा.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तापमान, पावडर आणि टिन तिन्ही एकदम बदलले आणि केक सुधारला, तर कशामुळे सुधारला हे कळणार नाही, आणि पुढच्या वेळी तो पुन्हा बसला तर तपास पहिल्यापासून करावा लागेल.

बसलेला केक पुन्हा ओव्हनमध्ये घालण्याचा प्रयत्न करू नये. एकदा थंड झाल्यावर मधला भाग फुगत नाही आणि कडा मात्र वाळून जातात. खड्डा उथळ असेल आणि आतून केक शिजलेला असेल, तर ती चकती खाली ठेवून खड्डा जॅमने भरावा आणि वर चांगली चकती ठेवावी. केक पूर्ण थंड झाल्यावरच जॅम लावावा. मधला भाग कच्चाच असेल तर तो गोल कापून टाकावा आणि कडेच्या शिजलेल्या भागाचे तुकडे काचेच्या भांड्यात रचून त्यांवर फळे, कस्टर्ड आणि फेटलेली साय घालून ट्रायफल करावे. इंग्रजी घरांत फसलेल्या स्पंजची वाट पूर्वीपासून हीच आहे.